नऊ उरल्यावर उघडणारं दार: इंडियाना फीव्हर, २०२५

७ ऑगस्ट २०२५ ला फिनिक्समध्ये इंडियाना फीव्हर हा डब्ल्यूएनबीएमधला, म्हणजे अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगमधला संघ ९५–६० असा हरला. एवढा मोठा पराभव झाला की संघ सहसा तो विसरायचं ठरवून पुढच्या विमानात बसतो. त्या रात्री ते जमणार नव्हतं. सिडनी कोलसनच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं आणि एरी मॅकडोनाल्डच्या उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. दोघी गार्ड, आणि दोघींचाही हंगाम एकाच सामन्यात संपला. केटलिन क्लार्क जांघेच्या दुखापतीने जुलैच्या मध्यापासून बाहेर होतीच. चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्या तिघी आता साध्या कपड्यांत बाकावर बसणार होत्या.

डब्ल्यूएनबीएमध्ये तेव्हा एका संघाला जास्तीत जास्त बारा खेळाडू ठेवता येत. फीव्हरकडे बाराच्या बारा होत्या: क्लार्क, केल्सी मिचेल, अलिया बॉस्टन, नताशा हॉवर्ड, लेक्सी हल, सोफी कनिंगहॅम, कोलसन, मॅकडोनाल्ड, दामिरिस दांतास, ब्रियाना टर्नर, मकायला टिम्पसन आणि क्लोई बिबी. तिघी वजा केल्या की उरल्या नऊ. ऐकायला विचित्र वाटेल, पण व्यवस्थापनासाठी हा नऊचा आकडा दहापेक्षा बरा होता. दहा उरल्या असत्या तर नियम म्हणाला असता की तुमचं भागतंय, खेळा.

या प्रकरणाचा सगळा पीळ इथेच आहे, म्हणून नियम नीट समजून घेऊ.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारानुसार संघात अकरा किंवा बारा खेळाडू असायच्या. जखमींसाठी वेगळी यादी नव्हती. पाय मोडून घरी बसलेली खेळाडूही त्या बारांपैकी एक जागा अडवून असायची. तिला मोकळं केलं तर जागा सुटायची, पण तिचा पगार चुकत नसे आणि तो पगारमर्यादेतही मोजला जाई. ही मर्यादा पक्की होती. पुरुषांच्या एनबीएमध्ये दंडवजा कर भरून मर्यादा ओलांडता येते, तशी पळवाट इथे नव्हती. २०२५ साठी एका संघाची मर्यादा होती १५ लाख ७ हजार १०० डॉलर. एवढ्यात बाराही जणींचा पगार बसवायचा.

आणि एक दार होतं, हार्डशिप करार नावाचं. खेळू शकणाऱ्यांची संख्या दहाच्या खाली गेली, की मर्यादेच्या वर जाऊन किमान पगारावर बाहेरून खेळाडू आणता यायची. दहा भरेपर्यंतच, त्यापुढे एकही नाही. जखमी खेळाडू बरी होऊन संख्या पुन्हा भरली, की आलेल्या पाहुणीने बॅग भरायची. ती कशी खेळली याचा त्या नियमाशी संबंध नव्हता.

आता याचा व्यवहारातला अर्थ बघा. बारांपैकी एक जखमी झाली, मदत नाही. दुसरी झाली, तरीही नाही. सरावात पाच विरुद्ध पाच खेळायचं तर दहाही जणींना उभं राहावं लागतं आणि कुणालाच विश्रांती मिळत नाही. म्हणून तर तिथे सरावासाठी पुरुष खेळाडू बोलावण्याची पद्धत आहे. तिसरी जखमी झाली की मगच दार उघडायचं. आपल्याकडे डब्ल्यूपीएल बघणाऱ्यांना हे पटकन उमजणार नाही. तिथे संघात पंधरा ते अठरा जणी असतात, हंगाम महिनाभरात आटोपतो आणि दुखापत झाली तर बदली खेळाडू घेता येते. डब्ल्यूएनबीएचा २०२५ चा हंगाम १६ मे ते ११ सप्टेंबर असा चालला. प्रत्येक संघाचे ४४ सामने, तेही एवढ्या मोठ्या देशात इकडून तिकडे उडत. २०२२ मध्ये सामने ३६ होते. सामने वाढले, जागा बाराच राहिल्या.

फीव्हरने हे दार जूनमध्येच एकदा वापरलं होतं. मेच्या अखेरीस क्लार्कच्या मांडीचा स्नायू दुखावला. पाठोपाठ कोलसन आणि कनिंगहॅमही जायबंदी झाल्या. २ जूनला मॅकडोनाल्ड हार्डशिप करारावर आली. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, ती तिसऱ्या क्रमांकावर निवडली गेली होती, म्हणजे लीगला चांगली माहीत असलेली खेळाडू. तरीही त्या आठवड्यात तिच्याकडे संघ नव्हता. ती तीन सामने खेळली आणि चांगली खेळली. मग १४ जूनला क्लार्क परतली, न्यूयॉर्क लिबर्टीविरुद्ध ३२ गुण केले आणि तोवर अपराजित असलेल्या लिबर्टीला हरवलं. त्या सामन्याआधी मॅकडोनाल्डला सोडावं लागलं होतं. चाहते चिडले, पण व्यवस्थापनाच्या हातात काही नव्हतं.

मग २५ जून उजाडला. अनुभवी डिवाना बॉनर त्या वर्षीच फीव्हरकडे आली होती. लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणाऱ्यांत ती तिसरी. इथे तिचं जमलं नाही. नऊ सामने खेळून ती वैयक्तिक कारणासाठी संघापासून दूर होती. फीव्हरने तिला मोकळं केलं आणि रिकाम्या जागेवर मॅकडोनाल्डला रीतसर घेतलं. बारांच्या संघात जागा अशीच होते, कुणीतरी उठल्यावर. बॉनर पुढे फिनिक्स मर्क्युरीकडे गेली. म्हणजे ७ ऑगस्टच्या त्या रात्री जिच्यामुळे जागा झाली ती एका बाजूला होती आणि जी त्या जागेवर बसली तिचा पाय दुसऱ्या बाजूला मोडला. कथेत हे लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

पैशाची बाजू थोडी सावकाश बघू, कारण बारावी जागा रिकामी का राहायची याचं उत्तर तिथेच सापडतं.

पंधरा लाख सात हजार डॉलरला बाराने भागलं तर डोईमागे साधारण १ लाख २५ हजार ५०० येतात. पण पगार सरासरीने वाटले जात नाहीत. मिचेलचा जुना करार संपला होता आणि तिला संघात ठेवायचं तर कमाल पगार देणं भाग होतं: २ लाख ४९ हजार २४४ डॉलर. एका खेळाडूत मर्यादेचा सहावा हिस्सा गेला. उरलेल्या अकरा जणींची सरासरी तिथेच १ लाख १४ हजारांवर घसरली. त्यात हॉवर्ड आणि बॉनरसारख्या दोन नावाजलेल्या खेळाडू आणल्या की तळाच्या जागांसाठी किमान पगाराचीच भाषा उरते. तीन किंवा अधिक वर्षं खेळलेलीसाठी तो ७८ हजार ८३१ डॉलर होता, नवख्यांसाठी ६६ हजार ७९.

मग एवढी मोठी नावं फीव्हरला परवडली कशी? क्लार्क आणि बॉस्टनमुळे. या दोघी आपापल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या, आणि नवोदितांचे पगार करारात आधीच छापलेले असतात. २०२५ मध्ये क्लार्कचा पगार होता ७८ हजार ६६ डॉलर. संघाची मैदानं जिच्या नावावर भरत होती तिला किमान पगारावरच्या अनुभवी खेळाडूपेक्षा कमी मिळत होतं. क्लार्क आणि बॉस्टन यांचे पगार एकत्र केले तरी मिचेलच्या एकटीच्या पगाराखाली राहतात. याबद्दल लोक बहुतेक क्लार्ककडे बघून हळहळतात. मला वाटतं, संघबांधणी करणाऱ्याच्या नजरेनेही ते बघायला हवं. पक्क्या मर्यादेत ज्या संघाकडे स्वस्त नवोदित तारका असतात त्याची चार वर्षं सुगीची. तेवढ्यात बाकीची खरेदी उरकायची. फीव्हरने २०२५ च्या सुरुवातीला नेमकं तेच केलं आणि हिशेब कागदावर अगदी बरोबर होता. दुखापतीचा रकाना त्या कागदावर नव्हता.

अनेक संघ बारावी जागा भरतच नसत, कारण अकरा जणींतच पैसे संपलेले असायचे. त्यामुळे ड्राफ्टमध्ये निवडलेली मुलगी मे महिन्यात घरी जाणं ही दरवर्षीची गोष्ट. फीव्हरने २०२५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या ब्री हॉलला विसाव्या क्रमांकावर निवडलं आणि हंगाम सुरू होण्याआधी सोडलं. तिचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१० ऑगस्टला हार्डशिप करारावर ओडिसी सिम्स आली. वय ३३. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये दुसरी, बेलर विद्यापीठाच्या ४०–० अशा अपराजित विजेत्या संघात खेळलेली, २०१९ मध्ये लीगमधल्या निवडक तारकांच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडलेली. त्याच हंगामात लॉस एंजेलिस स्पार्क्सने तिला मोकळं केलं होतं. अशा खेळाडूला आठवड्याभरात आख्ख्या संघाच्या चाली पाठ करायच्या असतात, आणि तेही उद्या कुणाचा गुडघा बरा झाला तर आपण जाणार हे माहीत असताना. पैशाचा ढोबळ हिशेब करायचा तर किमान पगाराला हंगामाच्या ११९ दिवसांनी भागा. दिवसाला सुमारे ६६२ डॉलर. उद्याची हमी त्यात धरलेली नाही.

१७ ऑगस्टला कनेक्टिकट सनविरुद्ध कनिंगहॅमचा गुडघा गेला. त्या सामन्यात फीव्हर २१ गुणांनी मागे होतं. मिचेलने ३८ गुण केले आणि जादा वेळेत ९९–९३ असा सामना काढला. बातमी व्हायला हवी होती त्या विजयाची, झाली गुडघ्याची. मग शे पेडी आली. हिची कहाणी लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१२ मध्ये ड्राफ्ट झालेली पेडी लीगमध्ये पहिला सामना खेळली २०१९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. २०२० च्या हंगामात वॉशिंग्टन मिस्टिक्सने तिला मध्येच सोडलं, फिनिक्सने उचललं, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याच मिस्टिक्सला तिने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट करून घरी पाठवलं. स्कोअर ८५–८४. २०२५ मध्ये ती छत्तीस वर्षांची होती आणि पुन्हा फोनची वाट बघत होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला क्लार्क या हंगामात परतणार नाही हे जाहीर झालं. तेरा सामन्यांवर तिचं वर्ष संपलं. बिबीचा गुडघाही गेला. बारांपैकी पाच उरलेल्या हंगामासाठी बाहेर. दांतासच्या डोक्याला मार लागला, म्हणजे सहा. जागा भरायला एरियल पॉवर्स आली. आणि मे महिन्यात घरी पाठवलेली ब्री हॉलही आली. प्लेऑफच्या तोंडावर फीव्हरच्या दहा जणींत चौघी हार्डशिपवाल्या होत्या. प्रशिक्षक स्टेफनी व्हाइट यांनी जो संघ मेमध्ये उभा केला होता आणि जो सप्टेंबरमध्ये खेळला, त्यांचा अर्धाच भाग सारखा होता.

मग काही जण म्हणतात, दार उघडलं ना, संघ उभा राहिला ना, नियम चालला की. हा युक्तिवाद मला पटत नाही. फीव्हरवर संकट इतकं मोठं आलं की नियमाच्या अटी सहज पूर्ण झाल्या. खरी कोंडी झाली असती ती दोनच जखमींच्या संघाची, कारण अशा संघाला काहीच मिळत नसे आणि त्याची बातमीही होत नसे. दहा जणींवर महिनाभर खेळणारा संघ तक्त्यात हळूहळू खाली सरकतो. कुणी विचारलं तर म्हणायचं, फॉर्म गेला. शिवाय चांगली बदली खेळाडू मिळाली तरी तिला टिकवायचं तर जुन्या कुणाला तरी काढा. म्हणजे दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूच्या मनात जी भीती असते, ती करारानेच लिहून ठेवल्यासारखी होते.

त्याच शहरात, त्याच छताखाली दुसरा एक संघ खेळतो. इंडियाना पेसर्स आणि फीव्हर दोघांचं घर गेनब्रिज फील्डहाउस आणि मालक हर्ब सायमन. पेसर्सना पंधरा नेहमीचे खेळाडू आणि त्यावर तीन टू-वे करारवाले ठेवता येतात. हे तिघे खालच्या लीगमध्ये खेळत तयार राहतात आणि लागले की वर येतात. त्याच वर्षी जूनमध्ये एनबीए अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनचा टाचेमागचा अकिलिस स्नायूबंध तुटला. तोही संघ त्या धक्क्याने अंतिम सामना हरला. पण पुरुषांच्या संघात अठरा जण मावायचे, बायकांच्या बारा, हा फरक एका इमारतीतल्या दोन खोल्यांइतका जवळून दिसायचा. पैसे एनबीएकडे अफाट आहेत, हे खरंच. मात्र टू-वे करार ही पैशापेक्षा व्यवस्थेची गोष्ट आहे. तीन तयार खेळाडूंना किमान पगारावर संघाजवळ ठेवायला फीव्हरला वर्षाला दोन-अडीच लाख डॉलर लागले असते.

मालकांची बाजूही आहे. लीग १९९७ पासून चालली ती काटकसरीवर. कित्येक संघ मधल्या काळात बंद पडले किंवा गाव बदलून गेले. श्रीमंत मालकाने पैसे ओतून सगळ्या तारका गोळा करू नयेत आणि छोट्या शहरातला संघ जगावा, यासाठी पक्की मर्यादा लागते. २०२० चा करार झाला तेव्हा हे म्हणणं रास्त होतं. २०२५ मध्ये मात्र क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया यांना नवे संघ देताना प्रत्येकी २५ कोटी डॉलरचं प्रवेशशुल्क ठरलं. एका संघाच्या वर्षभराच्या पगारमर्यादेच्या सुमारे १६६ पट. प्रवेशासाठी एवढं मोजणाऱ्याला बाराव्या खेळाडूचे ६६ हजार जड जात होते, हे कुणाला पटवून सांगणार?

खेळाडूंनी ते ऐकून घेतलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्येच त्यांनी करारातून बाहेर पडायचं जाहीर केलं होतं, त्यामुळे २०२५ हा त्याखालचा शेवटचा हंगाम ठरला. १९ जुलैला ऑल-स्टार सामना होता आणि तोही इंडियानापोलिसमध्ये, फीव्हरच्याच मैदानावर. सरावाला उतरताना सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट होते. आमचं जे देणं आहे ते द्या, अशा अर्थाची ओळ त्यावर. एका संघाची कर्णधार असलेली क्लार्क चार दिवसांपूर्वीच जायबंदी झालेली, त्यामुळे खेळली नाही, पण टी-शर्ट तिनेही घातला.

देण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नोंद. १ जुलैला फीव्हरने कमिशनर्स कप ही हंगामाच्या मधली स्पर्धा जिंकली. मिनेसोटा लिंक्सला त्यांच्याच घरी ७४–५९ असं हरवलं, तेही क्लार्कशिवाय. बक्षिसाची एकूण रक्कम ५ लाख डॉलर आणि विजेत्या संघातल्या खेळाडूला सुमारे ३० हजार. ही रक्कम पगारमर्यादेबाहेरची. एका रात्रीच्या सामन्याने किमान पगारावरच्या खेळाडूची वर्षाची कमाई तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढायची, यावरून पगार किती तोकडा होता ते कळतं. अशा लीगमध्ये हिवाळा आला की खेळाडू तुर्कस्तानला, चीनला खेळायला जात आल्या, यात नवल नाही. बारा महिने पळणाऱ्या पायांच्या दुखापतींचा विषय मग इथून तिथे जातो आणि पुन्हा इथे येतो.

साखळीत फीव्हर २४–२० वर थांबलं आणि सहाव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये गेलं. मिचेल सगळे ४४ सामने खेळली, सरासरी २०.२ गुण. तिला विश्रांती द्यायला मागे कुणी नव्हतंच. पहिल्या फेरीत अटलांटा ड्रीमशी गाठ. तिसरा, निर्णायक सामना त्यांच्या घरी. शेवटच्या काही सेकंदांत बॉस्टनने बास्केट केला, हलने चेंडू हिसकावला, ८७–८५. उपांत्य फेरीत लास वेगस एसेस, ए’जा विल्सनचा संघ. पहिला सामना त्यांच्या घरी जाऊन फीव्हरने ८९–७३ असा घेतला, मिचेलचे ३४ गुण. पुढचे दोन हरले. चौथा घरी जिंकून २–२ केलं.

३० सप्टेंबरला लास वेगसमध्ये पाचवा सामना. मध्येच मिचेलचं शरीर थांबलं. तिला मैदानाबाहेर नेण्यात आलं आणि नंतर निदान झालं ऱ्हॅब्डोमायोलिसिसचं, म्हणजे अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी तुटू लागण्याचं. चार महिने अपुऱ्या बाकावर खेळल्यामुळे हे झालं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण तो हंगाम पाहिलेल्या कुणाच्याही मनात तो विचार येऊन गेला असणार.

मिचेल गेल्यावर चेंडू सिम्सच्या हातात आला. स्पार्क्सला नको असलेली, हार्डशिप करारावरची सिम्स. तिने २७ गुण केले आणि सामना जादा वेळेत नेण्यात तिचा मोठा वाटा होता. तिथे एसेस १०७–९८ अशा सरस ठरल्या. पुढे अंतिम फेरीत त्यांनी फिनिक्सला ४–० ने हरवलं. त्या फिनिक्सच्या बाकावर बॉनर होती.

सिम्सचा करार त्या रात्री संपला.